सोन्याचा कस कळतो, उगम कळत नाही

दागिन्यावरच्या हॉलमार्कची मुंबईकरांना आता चांगली सवय झाली आहे. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने तो सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नसलेला दागिना सराफाला विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतील बारीक वस्तू तेवढ्या या नियमातून सुटतात. भारतीय मानक ब्यूरोची खूण, २२ कॅरेट असेल तर ‘२२के९१६’ हा शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक अशा तीन गोष्टी भिंगातून दिसतात. बीआयएस केअर ॲपमध्ये क्रमांक भरला की दागिना कोणत्या नोंदणीकृत सराफाने तपासायला दिला, कोणत्या केंद्राने तपासला, ती अंगठी आहे की माळ आणि तिची शुद्धता किती, हे समोर येते. ग्राहकाच्या बाजूने आमच्या व्यवसायात झालेली ही फार मोठी सुधारणा आहे, असे मी मनापासून मानते. मात्र ही खूण सोन्याचा कस सांगते; ते सोने कोणत्या मातीतून निघाले, ते काढणाऱ्याच्या हाती काय पडले आणि मुंबईपर्यंत येताना ते कोणाकोणाकडून फिरले, याविषयी ती काहीच बोलत नाही.

मी गिरगावात हाताने दागिने घडवणारी एक छोटी कार्यशाळा चालवते. ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी, बोरमाळ, कुड्या हे आपले जुने घाट हा आमचा मुख्य व्यवसाय आहे. अलीकडे लग्नाचे दागिने करायला येणाऱ्या मुली डिझाइन आणि मजुरीइतक्याच सहजपणे “ताई, हे सोने येते कुठून?” असे विचारतात. हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे ही घडवणाऱ्याची जबाबदारी आहे, असे मला वाटते. या उत्तराच्या शोधात जे समजले आणि त्यानुसार कामात जे बदल केले, ते येथे सविस्तर लिहिते आहे.

आपल्या देशात सोने फारच थोडे निघते. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या आणि आज कर्नाटकातच रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण हीच देशातील मुख्य सोन्याची खाण उरली आहे. तिचे वर्षाचे उत्पादन दीड-दोन टनांच्या आसपास असते, तर देशाची आयात वर्षाला ७०० टनांच्या घरात किंवा त्याहून पुढे जाते. म्हणजे झवेरी बाजारातल्या कोणत्याही पेढीवरचे नवे सोने परदेशातून आलेले आहे, असे डोळे झाकून धरायला हरकत नाही. त्यातले बरेचसे स्वित्झर्लंडमधून येते आणि कागदावर तसा देशही लिहिलेला असतो. पण स्वित्झर्लंड हा सोने शुद्ध करणाऱ्या कारखान्यांचा देश आहे, खाणींचा नव्हे. बिस्किटावर जो शिक्का असतो तो शुद्धीकरण कारखान्याचा. खाण त्याच्याही मागे कुठेतरी पेरूमध्ये, घानामध्ये, ऑस्ट्रेलियात किंवा आणखी कुठे असते आणि कारखान्याच्या भट्टीत ती कायमची पुसली जाते. गावभरच्या गोठ्यांतले दूध डेअरीच्या एका टाकीत ओतल्यावर त्यातले कोणाच्या म्हशीचे कोणते, हे सांगता येत नाही, तसेच येथे होते. सोन्याच्या बाबतीत ही अडचण आणखी खोल आहे, कारण सोने हे मूलद्रव्य आहे. पूर्ण शुद्ध केल्यावर एका खाणीचे सोने दुसऱ्या खाणीच्या सोन्यापासून ओळखता येईल असे त्यात काही उरत नाही. त्यामुळे सोन्याचा माग काढायचा असेल तर तो धातूत शोधून मिळत नाही. खाणीपासून दागिन्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ते सोने दुसऱ्या सोन्यात मिसळू न देणे आणि तशी नोंद ठेवणे, एवढा एकच मार्ग उरतो. पुढे मी जे काही लिहिणार आहे ते सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

उगमाची चिंता का करायची, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. जगात हाताने किंवा साध्या यंत्रांनी सोने काढणाऱ्यांची संख्या एक ते दोन कोटींच्या दरम्यान मानली जाते आणि दरवर्षी निघणाऱ्या नव्या सोन्यातला सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्या कष्टांतून येतो. त्यांतील असंख्य लोक पारा वापरतात. दळलेल्या खनिजात पारा मिसळला की तो सोन्याच्या कणांना धरतो, त्याचा गोळा होतो, आणि तो गोळा तापवला की पारा वाफ होऊन उडून जातो व सोने मागे राहते. ही वाफ माणसाच्या मज्जासंस्थेवर आणि पोटातल्या बाळावर थेट आघात करते, आणि हा गोळा अनेकदा घरातल्या चुलीवरच तापवला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या मूल्यमापनानुसार माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा या छोट्या सोनेखाणींतून जातो. कोळसा जाळण्यातून जाणाऱ्या पाऱ्यापेक्षाही हे प्रमाण मोठे आहे. पाऱ्याला आळा घालण्यासाठी झालेला मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, परंतु करार आणि चूल यांच्यातले अंतर अजून बरेच आहे.

पेरूमधील माद्रे दे दियोस या भागात सोन्यापायी ॲमेझॉनच्या जंगलाचे वाळवंट झालेले उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसते. ब्राझीलमध्ये यानोमामी या आदिवासी समाजाच्या भूमीत बेकायदा सोने काढणाऱ्यांनी घुसखोरी केली आणि उपासमार व मलेरियाने तेथील लोकांची इतकी दैना झाली, की जानेवारी २०२३ मध्ये सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. पूर्व काँगोत सशस्त्र टोळ्या सोन्यावर पोसल्या जातात आणि सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून चाललेल्या युद्धात दोन्ही बाजूंना सोन्याचा पैसा मिळतो. मंगळसूत्राच्या वाट्यांमध्ये यातले काही असू नये, अशी इच्छा एखाद्या नवरीने व्यक्त केली तर तिला नाजूक मनाची म्हणून बाजूला सारणे मला मुळीच पटत नाही.

मात्र येथे एक घाईचा निष्कर्ष टाळला पाहिजे. लहान खाण म्हणजे घाणेरडी आणि मोठ्या कंपनीची खाण म्हणजे स्वच्छ, असे समीकरण खरे नाही. मोठ्या खाणी पाऱ्याऐवजी सायनाइड वापरतात. ३० जानेवारी २००० रोजी रोमानियातील बाया मारे येथे सोने काढणाऱ्या प्रकल्पाचा बंधारा फुटून सायनाइडयुक्त पाणी नदीत शिरले, तेव्हा तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत मासे मेले होते. उलट फिलिपिन्समधील बेंगेट भागात लहान खाणवाले पाऱ्याशिवाय, टाकणखाराच्या मदतीने सोने वितळवून वेगळे करतात. टाकणखार प्रत्येक सोनाराच्या ऐरणीशेजारी असतो. झाळणकामासाठी, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडण्यासाठी, रोज जी पूड आम्ही चिमटीने घेतो, तीच पूड दुसऱ्या टोकाला एखाद्या कुटुंबाला पाऱ्याच्या विषापासून वाचवते, हे कळल्यापासून या विषयाशी माझे नाते अधिक जवळचे झाले. लहान खाणकामगारांकडून सोने घेणेच बंद करणे हा मला अन्यायकारक उपाय वाटतो, कारण त्यामुळे ते अधिक हलक्या भावाने, अधिक अंधाऱ्या वाटेने विकले जाते. त्यांच्याकडूनच, परंतु उघडपणे आणि रास्त दराने घेतले जावे, हे योग्य.

यासाठी जगात काही व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. कोलंबियात २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘अलायन्स फॉर रिस्पॉन्सिबल मायनिंग’ या संस्थेची फेअरमाइंड ही खूण आणि उत्पादकाला रास्त मोल मिळावे म्हणून काम करणाऱ्या फेअरट्रेड या संस्थेची सोन्याची खूण या दोन त्यांतल्या सर्वांत महत्त्वाच्या. २०११ मध्ये या दोघांनी मिळून सुरुवात केली आणि २०१३ मध्ये आपापले मार्ग वेगळे केले. दोन्हींमध्ये खाणकामगारांच्या संघटनेला लंडनच्या बाजारात ठरणाऱ्या सोन्याच्या भावाच्या किमान ९५ टक्के रक्कम मिळावी अशी अट आहे आणि त्याशिवाय गावाच्या व खाणीच्या सुधारणेसाठी वेगळी रक्कम द्यावी लागते: फेअरट्रेडमध्ये किलोमागे २००० डॉलर, फेअरमाइंडमध्ये ४०००, आणि पारा व सायनाइड अजिबात न वापरता काढलेल्या फेअरमाइंड सोन्याला ६०००. हे आकडे मोठे वाटतात म्हणून मी ते दागिन्यावर बसवून पाहिले. २५ ग्रॅमच्या २२ कॅरेट ठुशीत सुमारे २२.९ ग्रॅम चोख सोने असते. किलोमागे ४००० डॉलर म्हणजे ग्रॅममागे ४ डॉलर, म्हणून संपूर्ण ठुशीमागे सुमारे ९२ डॉलर जास्तीचे होतात. आजच्या भावात हे सोन्याच्या किमतीच्या चार टक्क्यांहून कमी भरते, आणि हाताच्या कामाची घडणावळ बहुतेक वेळा याहून जास्त असते. खाणकामगाराला न्याय द्यायला दागिना परवडेनासा होतो, हा युक्तिवाद या हिशेबापुढे टिकत नाही.

फेअरमाइंडमध्ये दोन प्रकार आहेत आणि घेणाऱ्याने ते नीट समजून घ्यावेत. एका प्रकारात ते सोने खाणीपासून शेवटपर्यंत प्रत्यक्ष वेगळे ठेवले जाते. दुसऱ्या प्रकारात ते इतर सोन्यात मिसळू दिले जाते, पण जितके सोने खाणीतून घेतले तितक्याच वजनाचा हिशेब पुढे जातो. दुसऱ्या प्रकारातही खाणकामगाराला त्याचे पैसे मिळतात, म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. पण अशा सोन्याचा दागिना घडवून तो अमुक खाणीच्या सोन्याचा आहे, असे ग्राहकाला सांगणे खोटे ठरेल.

अडचण अशी, की हे सोने मुंबईत माझ्यासारखीच्या हाती येणे फार कठीण आहे. आपल्याकडे सोन्याची आयात रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या बँका, परकीय व्यापार महासंचालनालयाने नेमलेल्या संस्था आणि गुजरातच्या गिफ्ट सिटीतील सराफा एक्स्चेंजवर पात्र ठरलेले सराफ अशा मोजक्यांनाच करता येते. लंडनमधला कारागीर ५० ग्रॅम फेअरमाइंड सोने जसे मागवू शकतो, तसे गिरगावातल्या कार्यशाळेला थेट मागवता येत नाही. सोन्याच्या आयातीवर नियंत्रण असण्यामागची कारणे मला मान्य आहेत, पण उगम नोंदवलेल्या सोन्यासाठी लहान घडवणाऱ्यांना एखादी छोटी वाट असायला हवी, हे मी ठामपणे म्हणेन. झवेरी बाजारातील ज्या संघटना भाव आणि करांविषयी सरकारशी बोलतात, त्यांनी हाही विषय हाती घ्यावा.

ती वाट होईपर्यंत नवे सोने घ्यायचे झाले तर मी एक किमान मर्यादा पाळते. लंडन बुलियन मार्केट असोसिएशन या सोन्या-चांदीच्या घाऊक बाजाराच्या संघटनेच्या मान्यताप्राप्त यादीतील कारखान्याचे, अनुक्रमांक असलेले, सीलबंद बिस्किटच घ्यायचे आणि तो अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यायचा. सोन्यासाठी या यादीत भारतातील एकच कारखाना आहे, हरियाणातील एमएमटीसी-पॅम्प. लंडनच्या या असोसिएशनने २०१२ पासून यादीतील कारखान्यांना सोने कोठून येते याची चौकशी करणे आणि बाहेरच्या तपासनिसाकडून दरवर्षी तिची तपासणी करून घेणे बंधनकारक केले आहे, आणि त्या नियमांचा पाया आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांवर आहे. यामुळे माझ्या हातातल्या बिस्किटाची खाण मला कळत नाही. कारखान्याने संघर्षग्रस्त भागातल्या सोन्याविषयी चौकशी केली आहे, एवढेच कळते. जेवढे कळते तेवढेच सांगायचे, हे मी ठरवले आहे.

ही मर्यादा पाळणेही सोपे नसते. बाजारात एका विक्रेत्याकडे मी बिस्किटाच्या कारखान्याविषयी विचारले तेव्हा “सोने ते सोने, त्यात काय पाहायचे?” असे उत्तर मिळाले आणि बिलावर अनुक्रमांक लिहून देण्यास नकार मिळाला. या वृत्तीचा फायदा कोणाला होतो, हे मुंबई विमानतळावर पकडल्या जाणाऱ्या सोन्याच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आल्यावर चोरट्या आयातीतला नफा बराच घटला, तरी बिलाशिवाय मिळणारे सोने बाजारातून नाहीसे झालेले नाही. असे सोने एकदा मुशीत गेले की संपले. म्हणून उगमाची काळजी असणाऱ्या ग्राहकाची पहिली मागणी पक्क्या बिलाची असावी. परदेशी प्रमाणपत्राचा विचार त्यानंतरचा.

आता त्या सोन्याविषयी, ज्यावर मी सर्वाधिक विश्वास टाकते: घरातली मोड, म्हणजे मोडायला काढलेले जुने दागिने.

जागतिक सुवर्ण परिषदेच्या अंदाजानुसार भारतीय घरांत सुमारे २५,००० टन सोने आहे. आजीच्या पाटल्या, आत्याची तुटलेली मोहनमाळ, एकच उरलेली बुगडी, कोणी घालत नाही असे जाड गोठ. आपल्याकडे मोड देऊन नवे घडवून घेण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि या सोन्याचा माग ग्राहकाला स्वतःलाच माहीत असतो. समजा ते १९५८ मध्ये घेतलेले असेल, तर तेव्हा ते कोणत्या खाणीतून आले होते हे कोणी सांगू शकत नाही, पण तेव्हापासून ते कोणाच्या गळ्यात होते हे सांगता येते, आणि या दागिन्यासाठी आज कोणाला नवे पैसे देऊन नवा खड्डा खणायला लावलेले नाही, हेही खात्रीने सांगता येते.

बाजारात ‘रीसायकल्ड’ म्हणून विकले जाणारे सोने मात्र याहून पूर्ण वेगळे आहे. दरवर्षी जगाच्या सोनेपुरवठ्यातला सुमारे चौथा हिस्सा जुन्या सोन्यातून येतो आणि हे काही नवे पर्यावरणप्रेम नव्हे; सोने इतके महाग असते, की ते कोणी फेकून देत नाही. खाणीतून नुकतेच निघालेले सोने ओबडधोबड कड्यांच्या रूपात आणून जुने म्हणून वितळवायला देणे अवघड नसते, आणि एकदा वितळवल्यावर ते ‘रीसायकल्ड’ होऊन बाहेर पडते. म्हणून केवळ या शब्दावर मी सोने घेत नाही. जुने सोने वापरल्याने खाणी बंद पडतात, असेही मी ग्राहकांना सांगत नाही, कारण खाणी सोन्याच्या भावावर चालतात आणि माझ्या कार्यशाळेने त्या भावाला काही फरक पडत नाही. घरच्या मोडीचे मोल एवढेच, की तिच्याविषयी मी जे बोलेन ते पडताळता येते. मोडीबाबतही एक काळजी घ्यावी लागते. अनोळखी माणसाने आणलेली तुटकी साखळी ओळखपत्र आणि खरेदीचा काही पुरावा असल्याशिवाय मी घेत नाही. सोनसाखळी चोरी हा मुंबईतला नेहमीचा गुन्हा आहे आणि उगमाचा विचार आपल्याच गल्लीपासून सुरू व्हायला हवा.

मोड वितळवण्यात एक बारकावा आहे, जो फारच कमी ग्राहकांना सांगितला जातो, म्हणून मी येथे मुद्दाम जास्त वेळ थांबते. जुना दागिना आला की आधी खडे, मोती, मण्यांतली लाख आणि मळ काढून टाकतो, मग ग्राहकासमोर वितळवतो आणि तयार झालेल्या लगडीचा टंच, म्हणजे शुद्धता, तपासतो. हॉलमार्कच्या आधीच्या काळातला, ‘२२ चा’ म्हणून घेतलेला दागिना अनेकदा २० कॅरेटच्या आसपास निघतो, कारण प्रत्येक सांध्यातली झाळण हलक्या सोन्याची असते. साठच्या दशकातला दागिना असेल तर आणखी एक शक्यता असते: जानेवारी १९६३ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवण्यास मनाई झाली. ती अट पुढे काही वर्षांनी उठली, सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, पण त्या काळाने असंख्य सोनारांची रोजीरोटी हिरावून घेतली आणि त्याच्या कडू आठवणी आमच्या व्यवसायातल्या जुन्या घराण्यांत अजून आहेत.

समजा, ४० ग्रॅम मोड २० कॅरेटची निघाली आणि ग्राहकाला २२ कॅरेटची बोरमाळ हवी आहे. बाजारात यावर सरसकट उपाय म्हणजे चोख सोने घालून टंच वर आणणे. २० आणि २४ यांच्या बरोबर मध्यावर २२ येतात, म्हणून ४० ग्रॅम मोडीत तब्बल ४० ग्रॅम नवे सोने घालावे लागते. ग्राहक समजते, की आजीच्या पाटल्यांची माळ झाली. प्रत्यक्षात माळेचे अर्धे वजन नव्या सोन्याचे असते. दुसरा उपाय म्हणजे तीच लगड शुद्ध करून घेणे. ४० ग्रॅममध्ये सुमारे ३३.३ ग्रॅम चोख सोने असते, आणि त्यातून घट धरण्यापूर्वी सुमारे ३६.४ ग्रॅम २२ कॅरेट सोने होते. वजन थोडे उतरते, पण प्रत्येक कण घरचा राहतो. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो: दागिना २० कॅरेटमध्येच घडवणे. मानक ब्यूरोच्या हॉलमार्कमध्ये २० कॅरेट, म्हणजे ‘२०के८३३’, हीसुद्धा मान्य श्रेणी आहे, त्यामुळे तो दागिना पूर्णपणे कायदेशीर आणि प्रमाणित असतो, आणि रोज वापरायच्या वस्तूला २० कॅरेटचा टणकपणा उपयोगीच पडतो. दुर्दैवाने २२ च्या खालचे म्हणजे हिणकस, अशी आपली समजूत इतकी पक्की आहे, की हा पर्याय पुन्हा पुन्हा समजावून द्यावा लागतो.

शुद्धीकरणाच्या वाटेतही मिसळण्याचा धोका आहे. बहुतेक शुद्धीकरणवाले अनेकांचे सोने एकत्र करतात आणि प्रत्येकाला त्याच्या वजनाचे चोख सोने परत देतात. हिशेब चोख असतो, पण सोने तेच नसते. स्वतंत्र लॉट लावणारा माणूस शोधावा लागतो आणि त्याला जास्त पैसे द्यावे लागतात. शिवाय हे काम अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात होते आणि त्यातून विषारी तपकिरी धूर निघतो. काळबादेवी-भुलेश्वरच्या चाळींतले रहिवासी वर्षानुवर्षे ज्या धुराड्यांविषयी तक्रार करत आहेत, ती अशाच कामांची आहेत. धूर पाण्यातून आणि क्षारातून गाळून सोडणारी यंत्रणा ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे सोने दिले तर ॲमेझॉनची चिंता करून भुलेश्वरच्या माणसाला विसरल्यासारखे होईल.

आणि मग घडवणाऱ्याचे काम येते, जेथे सोन्याचा माग सर्वांत सहज तुटतो. झवेरी बाजाराच्या आसपास हाताचे बारीक काम करणारे बहुसंख्य कारागीर पश्चिम बंगालमधून आलेले आहेत आणि त्यांच्या हातातले कसब अतुलनीय आहे. पद्धत अशी, की सराफ वजन करून सोने देतो आणि ठरलेली घट धरून तेवढ्याच चोख वजनाचा दागिना परत घेतो. दिलेलेच सोने दागिन्यात गेले पाहिजे, असा कोणाचा आग्रह नसतो, आणि एरवी तशी गरजही नसते. आमच्याकडे मात्र आता प्रत्येक कामाला मुशीचा वेगळा क्रमांक असतो. मूस वेगळी, कानशीचा कीस वेगळ्या डबीत, तार ओढण्याची पट्टी आणि पाटा काम बदलताना झाडून साफ. झाळणही त्याच सोन्यात चांदी, तांबे आणि जस्त मिसळून तयार करतो. पूर्वी सर्रास वापरली जाणारी कॅडमियमची झाळण, जिला बाजारात केडीएम म्हणतात, आम्ही दारात येऊ देत नाही. कॅडमियमच्या वाफेने झाळणाऱ्याची फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होतात. खाणकामगाराच्या आरोग्याविषयी बोलणाऱ्या दागिन्यात ते असणे अक्षम्य आहे. आमच्या ज्येष्ठ कारागीर दादांना हा सगळा वेगळेपणा सुरुवातीला वेळखाऊ वाटला आणि तो आहेच, म्हणून त्याची मजुरीही त्यांना वेगळी मिळते. तो खर्च मी ग्राहकाला उघडपणे सांगते.

धुळीचा प्रश्न उरतो. सोनाराच्या जागेतली झाडलेली धूळ धुऊन त्यातले सोने काढणारे झारेकरी आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत आणि हे काम आजही कोणी ना कोणी करतेच. प्रत्येक कामाची धूळ वेगळी ठेवणे अशक्य आहे, त्यामुळे तेवढे सोने आमच्याकडे मिसळते. ते मी कोणत्याही ग्राहकाच्या दागिन्यात घालत नाही. नोंद ठेवून वेगळे विकते.

या सगळ्याची नोंद बिलासोबतच्या एका कागदावर असते. एचयूआयडी क्रमांकाखाली मुशीचा क्रमांक, त्याखाली मोड कोणाची, किती वजनाची, वितळवल्यावर टंच किती, नवे सोने घातले असल्यास किती ग्रॅम आणि बिस्किटाचा अनुक्रमांक काय, शुद्धीकरण स्वतंत्र झाले की नाही, आणि काम कोणत्या कारागिराने केले, त्याची परवानगी असल्यास त्याचे नाव. शेवटची ओळ मिश्र धातूची आहे. २० कॅरेटच्या दागिन्यात जवळजवळ १७ टक्के चांदी आणि तांबे असते. मोडीतले असेल तर ते घरचेच. पण झाळणीसाठी मी जी चांदी आणि जे तांबे घेते ते बाजारातले आहे आणि त्यांच्या मागे कोणती खाण आहे हे मला शोधता आलेले नाही. म्हणून त्या ओळीत सध्या ‘उगम अज्ञात’ असे लिहिलेले असते, आणि ग्राहकाने सही करण्यापूर्वी ती ओळ मी त्यांना वाचून दाखवते.